भिंतीवरून टाकलेला चारा

"ए... ए, थांब! पाय टाकू नकोस तिथं!"

पौर्णिमा एवढ्या जोरात ओरडली, की बांबूच्या बेटातल्या साळुंक्या भुर्रकन उडाल्या. पण ज्याच्यावर ती ओरडली त्याला माणसांची भाषा कळत नव्हती. दीड-दोन महिन्यांचं काळं कोकरू होतं ते. सकाळी तासभर खपून तिनं पांढऱ्या वाळूवर दाताळ्यानं लाटा ओढल्या होत्या. त्या लाटांवरून ते टणाटण उड्या मारत गेलं, मधल्या दगडावर चढलं आणि तिच्याकडं बघून म्हणालं — बेंऽऽ!

मागच्या भिंतीवर आधी दोन हात दिसले. मग लाल गमछा. मग एक घामेजलेला, हसरा चेहरा.

"मॅडम, कोकरू आलंय का आमचं इकडं?"

"नाही. जपानचे पाहुणे आलेत."

"येऊ का मंग पाहुण्यास्नी न्यायला?"

"दरवाजा तिकडं आहे, किल्ल्याच्या बाजूला."

"लई लांब पडतंय..." असं म्हणेपर्यंत तो आत उतरलासुद्धा होता.

त्यानं कोकरू काखोटीला मारलं. पण लगेच गेला नाही. वाळूकडं बघत राहिला.

"हे काय हाय?"

"पाणी आहे."

"कुठं?"

"या रेघा म्हणजे लाटा. मधला दगड म्हणजे बेट. जपानी लोक पाण्याशिवाय पाणी दाखवतात."

तो गंभीरपणे मान हलवत म्हणाला, "मंग आमचं गावबी जपानीच म्हणा की. नळ हायत, टाकी हाय, पाणी न्हाई."

पौर्णिमाला हसायचं नव्हतं. तरी ती हसली.

"द्या ते दाताळं. आमच्या कोकरानं घाण केली, आमीच निस्तरतो."

उलटा सरकत सरकत त्यानं अशा काही सरळ रेघा ओढल्या, की तिला तिच्या सकाळच्या रेघांची लाज वाटली. तो जाताना तिनं नाव विचारलं.

"परमेश्वर."

"अवघड आहे. आमच्या घरात परमेश्वर मानत नाहीत."

त्याला क्षणभर उमगलं नाही. मग त्यानं तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव-आडनाव वाचलं, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. पण ओठांवरचं हसू तसंच राहिलं. "नका मानू. हाक मारली तरी लई झालं," असं म्हणून तो भिंतीवर चढला.

धारूरच्या बाहेर, किल्ला समोर दिसतो अशा उतारावर ही बाग होऊन नऊ वर्षं झाली होती. लोक तिला देशोदेशीची बाग म्हणत. एकाच भिंतीच्या आत पाच बागा. जपानची, बिनपाण्याच्या लाटांची. मोगलांची, चार पाट आणि गुलाबांची. इंग्रजांची, हिरवळीची. इटलीची, दगडी पायऱ्यांची. तिथली उंच सुरूसारखी झाडं पहिल्याच उन्हाळ्यात करपली, म्हणून पायऱ्यांच्या दोन्ही अंगांनी कण्हेर लावून कापून सरळ केली होती. कण्हेर काय, तिकडंही होते आणि इकडंही. आणि पाचवी बाग सगळ्यांत मागं, भिंतीला लागून, आपल्या बालाघाटाची. तिच्यात हिवर, पळस, सालई, सीताफळ. ती बघायला कोणी जात नसे.

पौर्णिमा अंबाजोगाईला वनस्पतिशास्त्र शिकून इथं कामाला लागली होती. झाडांच्या पाट्या लिहायच्या आणि शाळेच्या सहली आल्या की मुलांना बाग दाखवायची, हे तिचं काम. मुलांमध्ये ती रमायची. "वास घ्या, पान चुरगाळून बघा, पण मला विचारल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही," हे वाक्य तिनं हजारदा तरी म्हटलं असेल.

परमेश्वर तेवीस-चोवीस वर्षांचा. बापाबरोबर, आसारामबरोबर, साठ मेंढरं राखायचा. त्या उन्हाळ्यात त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा मुक्काम, बागेमागच्या बंकट नावाच्या शेतकऱ्याच्या रानात उतरला होता. मेंढरं रानात बसली की जमिनीला खत मिळतं, त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. तसा आसाराम आणि बंकट यांचा जुना व्यवहार होता. दुपारी ऊन चढलं की मेंढरं भिंतीपलीकडच्या लिंबाखाली अंग टाकत. आणि बरोबर त्याच वेळी पौर्णिमाला बालाघाटाच्या बागेत काहीतरी काम निघे. उपड्या कुंडीवर उभं राहिलं, की भिंतीपलीकडचं दिसायचं.

पाणी घालणारी साखराबाई एकदा म्हणालीच, "जपान सोडून बालाघाटात कावून मुक्काम वाढलाय म्हणते मी?"

"पाट्या लिहायच्यात, मावशी."

"लिही बाई, लिही. पाटी भिंतीकडं तोंड करून लिहित्यात, हे मला आजच कळलं."

पाट्यांचं निमित्त अगदीच खोटं नव्हतं. झाडांची लॅटिन नावं पौर्णिमाला पाठ होती, पण त्यांचे स्वभाव परमेश्वरला ठाऊक होते. हिवराचा पाला कोणत्या महिन्यात गोड लागतो, बाभळीच्या शेंगांवर मेंढरू कसं जीव टाकतं... तो सांगे, ती वहीत उतरवून घेई. आठवड्याभरात 'तुमी' जाऊन 'तू' कधी आलं ते दोघांनाही कळलं नाही.

"सांग बरं," एकदा तो भिंतीला टेकून म्हणाला, "या डोंगरावर सीताफळच कावून उरलं?"

"हलकी जमीन मानवते. पाणी कमी लागतं."

"हे पुस्तकातलं झालं."

"मग मेंढपाळाचं सांग."

"शेरडं-मेंढरं खात न्हाईत. बाकी सगळं आमच्या जित्राबानं खाल्लं. ज्याला तोंड लावलं न्हाई, ते उरलं. सीताफळ उरलं, तरवड उरला, रुई उरली. तुमच्या त्या पायऱ्यांवरची कण्हेर बघ. मेंढरू हुंगून पुढं जातंय, तोंड लावत न्हाई."

पौर्णिमानं तेही लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सहलीतल्या मुलांना तिनं विचारलं, "डोंगरावर कोणती झाडं टिकतात, सांगा?" कोणी म्हणालं मोठी, कोणी म्हणालं काटेरी. "कडू," ती म्हणाली. "जी कोणालाच आवडत नाहीत, ती टिकतात." मुलं हसली. तिला मात्र स्वतःचंच वाक्य संध्याकाळपर्यंत टोचत राहिलं.

चैत्र सरता सरता डोंगर भाजून निघाला. गवताची काडी उरली नाही. मेंढरं वाळके काटे चघळू लागली. तेव्हा पौर्णिमानं इंग्रजी बागेतल्या हिरवळीची कापणी भिंतीवरून पलीकडं टाकायला सुरुवात केली. खरं तर ती खतखड्ड्यात जायला हवी. पण खड्डा काही उपाशी मरत नव्हता. पाटीभर गवत पलीकडं पडलं की मेंढरांची झुंबड उडे, आणि त्या गर्दीत तो उभा असे, वर बघत.

संध्याकाळी पाच वाजता हिरवळीवरचे फवारे सुरू होत. वारा असला तर तुषार भिंतीपर्यंत येत. परमेश्वर डोळे मिटून तोंड वर करून उभा राही.

"कसा आहे आमचा पाऊस?"

"ह्यो पाऊस न्हाई. पावसाच्या आदी ढग दिसतोय. इथं नुस्ती तू दिसतीस."

"म्हणजे मी ढग?"

"ढग बरा... एवढा रागवत न्हाई."

तिनं हातातली ओली माती त्याच्यावर फेकली. ती नेम धरून फेकली होती, आणि नेम धरूनच चुकवली होती.

पुढं काय, हे मात्र दोघांनीही विचारलं नाही. तिच्या घराच्या दारावर पंचशीलाचा झेंडा होता. त्याच्या कपाळावर बिरोबाचा भंडारा. विचारलं की उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून ते झाडांबद्दल बोलत.

वैशाखातल्या एका सोमवारी ती त्याला म्हणाली, "उद्या मी नाही. अंबाजोगाईला परीक्षा आहे, वनखात्याची. परवा येईन."

"अख्खा दिवस?"

"मेंढरांचं काय होईल, हेच ना?"

"मेंढरांचं..." तो अडखळला. "मेंढरांचं व्हईल कायतरी."

त्या 'मेंढरांचं' म्हणण्यानं ती दिवसभर मनातल्या मनात हसत होती. निघण्याआधी उद्याचाही चारा टाकून जायचा, असं तिनं ठरवलं. खतखड्ड्याजवळ कापणीचा ढीग पडला होता. वर हिरवळीचं वाळलेलं गवत, आणि खाली तीन-चार दिवसांपूर्वी छाटलेली इटलीच्या पायऱ्यांवरची कण्हेर. उन्हानं दोन्ही एकाच रंगाचं झालं होतं. पौर्णिमाला कण्हेर दिसली. दिसली नाही असं तिला पुढं कधीच म्हणता आलं नाही. तिनं मोठ्या फांद्या उपसून बाजूला केल्या. पानं राहिली. बस चुकेल म्हणून तिनं घड्याळ बघितलं, आणि तिला त्याचं वाक्य आठवलं — हुंगून पुढं जातंय, तोंड लावत न्हाई. हातगाडी भरून तिनं सगळं भिंतीपलीकडं ओतलं.

मंगळवारी परीक्षेला फोन बंद होता. संध्याकाळी लावला तर परमेश्वरचे तीन फोन येऊन गेलेले दिसले. तिनं उलट फोन केला, तो उचलला गेला नाही. रात्री मैत्रिणीकडं तिला नीट झोप लागली नाही, पण झोप न लागण्याचं कारण तिनं गोड समजून घेतलं.

बुधवारी सकाळी बागेच्या दारातच साखराबाई भेटली. तिच्या हातातला पाण्याचा पाइप नुसताच वाहत होता.

"तुला कळलं का गं? आसारामची मेंढरं गेली. तेवीस. काल दुपारी लिंबाखाली व्हती, दिवस मावळायच्या आत एकेक करून पडली. पाय झाडत झाडत... त्याच्या बायकोचा, बायडाबाईचा आक्रोश इथवर ऐकू येत व्हता."

"कशानं?"

"डॉक्टर म्हणतोय विष. बंकटनं घातलं म्हणत्यात. परवाच आसारामचं आन त्याचं धान्यावरून वाजलं व्हतं ना! काल आसारामनं त्याची गचांडी धरली. आता पोलीस येणार हायत."

पौर्णिमा तिथूनच वळली. ती बालाघाटाच्या बागेत गेली, उपड्या कुंडीवर चढली. भिंतीपलीकडं, जिथं तिनं चारा ओतला होता, तिथं काहीच नव्हतं. गवताची काडी नव्हती, पान नव्हतं, मेंढरांची लेंडीसुद्धा नव्हती. अंगण झाडावं तशी ती जागा कोणीतरी झाडून काढली होती. जरा पलीकडं राखेचा काळा डाग होता.

ती कुंडीवरून उतरली आणि खाली बसून तिनं वडिलांना फोन लावला.

ज्ञानोबा शाळेत कारकून होते. अर्ध्या तासात मोटारसायकलवर आले. तिनं सगळं सांगितलं. हातगाडी सांगितली, फांद्या सांगितल्या, घड्याळ सांगितलं. ते बराच वेळ हँडल धरून उभे राहिले.

"गप्प राहा, असं म्हणावंसं वाटतंय मला," ते शेवटी म्हणाले. "बाप आहे मी. उद्या हे आपल्या सबंध वस्तीवर येईल, तेही दिसतंय. पण म्हणणार नाही." त्यांनी गाडी चालू केली. "बस मागं."

बंकटच्या रानात जेसीबीनं खड्डा खणला होता. चुन्याचा पांढरा धुरळा उडत होता आणि त्याच्याखालून तो वास येत होता, जो एकदा आला की कपड्यांतून जात नाही. बांधावर पन्नासेक माणसं होती. परमेश्वर एकटा खड्ड्याच्या काठावर उभा होता. पौर्णिमा आधी त्याच्याकडं गेली.

"भिंतीजवळची जागा तू झाडलीस?"

"हळू बोल."

"कावून?" त्याचाच शब्द तिच्या तोंडून निघाला.

"पाला जाळला मी. डॉक्टर यायच्या आदी. एका मेंढीच्या तोंडात पान व्हतं, तेबी काढलं."

"पण कावून, परमेश्वर?"

"तुला ठाऊक न्हाई... कावून?"

दोन महिने ती ज्या शब्दांची वाट बघत होती ते हे असे आले, तेवीस मेंढरांच्या खड्ड्यापाशी, चुन्याच्या धुरळ्यात. तिला त्याचा हात धरावासा वाटला. आणि त्याच वेळी तिथून पळून जावंसं वाटलं.

"आन मीच तुला म्हणलं व्हतं," तो खड्ड्याकडं बघत म्हणाला, "तोंड लावत न्हाईत म्हणून."

"हिरवीला लावत नाहीत. वाळली की कडूपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं. तुला माहीत नव्हतं, पण मला माहीत असायला हवं होतं. निदान शंका यायला हवी होती. मी हेच शिकलेय."

"बंकटकाकाचं मिटंल दोन-चार दिसांत. पुरावा न्हाई कसला. पोलीस सोडत्याल."

"आणि गाव? तुझा मामा काठी घेऊन उभा आहे तिथं. गाव सोडेल त्यांना?"

त्यानं पायानं चुन्याचा खडा खड्ड्यात लोटला. मग एकदम म्हणाला, "तू बोललीस तर तुजी नोकरी जाईल. आमची मानसं काय काय बोलत्याल... तुला एकटीला न्हाई, तुज्या सगळ्यांला बोलत्याल. आन मंग आपलं काय?"

'आपलं' हा शब्द त्यानं आजवर कधी वापरला नव्हता.

"बंकटकाकांना दोषी ठरवून आपलं काही व्हावं, असं मला नको आहे," ती म्हणाली.

ती बांधाकडं चालू लागली. ज्ञानोबा तिच्या शेजारून चालले.

आसाराम एका दगडावर बसला होता, रिकाम्या हातांकडं बघत. बायडाबाई बाटलीनं एका पोरक्या कोकराला दूध पाजत होती. आणखी चार-पाच तिच्या लुगड्याला लुचत होती. आणि बंकट, साठीचा माणूस, फाटक्या सदऱ्यानं बांधाच्या कडेला बसला होता. त्याच्या आजूबाजूला वावभर जागा मोकळी होती. त्याच्याजवळ कोणी बसत नव्हतं.

"आसारामकाका," पौर्णिमा म्हणाली, "बंकटकाकांनी काही केलेलं नाही. चारा मी टाकला होता, भिंतीवरून. त्यात वाळलेली कण्हेर होती. मला ती दिसली होती. जनावर खात नाही असं समजून मी तशीच टाकली. ती खाऊन मेंढरं गेली."

एक कोकरू ओरडलं, तेवढंच. मग मामा पुढं आला.

"तरीच म्हणलं! त्यांच्यातलीच ना ही? मुद्दाम टाकलं असंल! आमच्या जित्राबावर—"

"गप रे!" बायडाबाई बसल्या जागेवरून कडाडली. "मुद्दाम टाकनारी सांगाया येती व्हय? तोंड हाय का गटार?"

मामाची काठी खाली आली. बायडाबाई पुन्हा कोकराकडं वळली आणि हलक्या आवाजात, जणू त्यालाच सांगत असल्यासारखी बोलली, "वाळली कण्हेर वंगाळ. माज्या आईनं सांगितलं व्हतं मला. पोराला सांगायचं मी इसरले. आमच्या रानात कुठं व्हती कण्हेर? बाग झाली तवा ती आली."

"बाबा," मागून परमेश्वर म्हणाला. कधी आला ते कोणाला कळलं नव्हतं. "पाला मी जाळला. काल सांजचंच मला कळलं व्हतं. तुमी बंकटकाकाची गचांडी धरली तवा मी बगत उबा व्हतो... बोललो न्हाई."

आसाराम उठला. लोकांना वाटलं, तो पोरावर हात टाकणार. पण तो त्याच्याकडं न बघता बंकटकडं गेला आणि त्यानं आपलं पागोटं काढून त्याच्या पायापाशी ठेवलं.

"चुकलं, बंकटराव."

बंकटनं पागोट्याकडं बघितलं. "नातवासमोर धरलीस रे गचांडी. नातू काल जेवला न्हाई माजा." त्यानं पागोटं उचलून आसारामच्या हातात दिलं. "डोक्यावर घाल. असा उघडा नको उभा राहू माज्यापुढं. बगवंना."

मग आसाराम पौर्णिमाजवळ आला. तिच्या तोंडाकडं न बघता, पायांकडं बघून बोलला.

"पोरी, खरं बोललीस. तुजं बरं व्हवो. पण तू दिसलीस की मला ती तेवीस दिसत्याल. माज्या वाड्याकडं फिरकू नको."

ती हो म्हणाली.

पुढचे दिवस जसे जायचे तसे गेले. बागेच्या साहेबांनी लेखी मागितलं, तिनं लिहून दिलं. आता कामावर येऊ नका, असं पत्र आलं. इटलीच्या पायऱ्यांवरची कण्हेर मुळापासून काढायचं ठरलं. बाजारात दोन-तीन बायांनी तिला बघून पदर सावरला आणि रस्ता बदलला. मामानं बोललेलं वाक्य वस्तीपर्यंत पोचलं होतं; चार दिवस ज्ञानोबा शाळेतून येताना तोंड धुवायच्या आधी दाराबाहेर थोडा वेळ नुसतेच उभे राहत. आईनं, सिंधुबाईनं, तिला एकच विचारलं, "तो पोरगा चांगला आहे का गं?" पौर्णिमानं मान हलवली. सिंधुबाई म्हणाली, "म्हणूनच अवघड आहे." आणि भाकरी थापायला बसली.

रविवारी सकाळी ती बागेत चाव्या द्यायला आली, तेव्हा परमेश्वर दारात उभा होता. आज भिंतीवरून नाही, किल्ल्याच्या बाजूनं, लांबच्या वाटेनं आला होता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. पलीकडं घाटाच्या रस्त्यावर मेंढरांचा धुरळा दिसत होता.

"चाललो आमी. तलवाड्याच्या अंगाला, गोदाकाठी. हिरवं हाय म्हणत्यात तिकडं."

"केव्हा येणार?"

"बाबा म्हणत्यात, या रानात परत न्हाई." तो काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढत राहिला. "मी ऱ्हातो. बाबा न्हेत्याल मेंढरं. मी हितंच कायतरी काम बघतो."

"सदतीस मेंढरं, वर ती पोरकी कोकरं... आणि काका एकटे?"

"आई हाय की."

"परमेश्वर."

"हं."

"जा."

त्यानं वर बघितलं. त्याचे डोळे लाल होते, धुरळ्यानं असतील. "तू... तुला काय बोलायचंच न्हाई का मला? त्या दिवशी समद्यांपुढं एवढं बोललीस."

"त्या दिवशी एक खरं सांगायचं राहिलं होतं."

"काय?"

पौर्णिमानं चाव्यांचा जुडगा घट्ट धरला. तळहाताला किल्ल्यांचे दात रुतले. "मी रोज दुपारी त्या कुंडीवर पाट्या लिहायला चढत नव्हते," ती म्हणाली. "तुझ्यासाठी चढत होते. माझा जीव आहे तुझ्यावर. आधीपासून... तू वाळूत रेघा ओढल्यास, त्या दिवसापासूनच."

त्यानं काठी मातीतून उचलली. मग त्याच्या तोंडून फुटला तो आवाज हसण्याचा होता की रडण्याचा, ते सांगणं कठीण होतं.

"आन हे आत्ता सांगतीस? मी चाललो तवा? त्या दिवशी कावून न्हाई सांगितलं?"

"त्या दिवशी सांगितलं असतं, तर माफी मिळावी म्हणून सांगितलं असं झालं असतं. आज तू चाललायस. आज सांगून मला काहीच मिळणार नाही. म्हणून आज तुला ते खरं वाटेल."

घाटातून शीळ आली. लांब, चढी, कळप जमवायची. परमेश्वरचं अंग त्या शिळेसरशी आपोआप वळलं, सवयीनंच. दोन पावलं गेला आणि थांबला.

"मला त्या दिवशीबी खरंच वाटलं असतं," तो म्हणाला. आणि धावत सुटला.

पौर्णिमा दारातच उभी राहिली. रस्ता किल्ल्याखालून वळणं घेत चढत होता. पुढं घोडा आणि आसाराम, मग बायडाबाई, मग मेंढरं, आणि सगळ्यांत मागं तो. मेंढपाळानं चालताना मागं बघायचं नसतं. त्याची नजर पुढं, कळपावर हवी. एखादं कोकरू रस्त्याच्या कडेला गेलं की संपलं. परमेश्वर पहिल्या वळणापर्यंत पाच-सहा वेळा मागं वळला. दुसऱ्या वळणावर तर तो सरळ उभाच राहिला, बागेकडं तोंड करून, आणि मेंढरं त्याच्याविनाच वर चढत गेली.

वरच्या वळणावर आसाराम थांबला. तिथून त्याला खालचं सगळं दिसत होतं. मोकळा सुटलेला कळप, रस्त्यात उभा राहिलेला पोरगा, आणि बागेच्या दारातली ती. त्यानं शीळ घालायला बोटं तोंडाशी नेली, तशीच खाली घेतली, आणि घोड्याचा लगाम धरून तो पोराची वाट बघत उभा राहिला.